चुन्याची निवळी, सोलापूरचा मध आणि माठातलं पाणी

भाकरी टम्म फुगते, उचलताना पापुद्रा फाटतो आणि आतली वाफ थेट अंगठ्यावर येते. रोज ज्वारी थापणाऱ्या सोलापुरातल्या घरांना हा चटका चांगला ओळखीचा आहे. अशा वेळी आजी देवळीतून निवळीची बाटली काढायची. पानाच्या डब्यातला चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचा, सकाळी वरचं नितळ पाणी हलकेच ओतून घ्यायचं. त्यात तेवढंच खोबरेल घालून बोटाने फेटलं की बघता बघता दोन्ही मिळून लोण्यासारखं पांढरं, दाट मलम तयार व्हायचं. "हलू नको की, लागू दे जरा," म्हणत ती ते पोळलेल्या जागेवर थापायची.

मला बरीच वर्षं वाटायचं, हे आपल्याच भागातलं शहाणपण. पण स्कॉटलंडमधल्या कॅरन इथल्या लोखंडाच्या कारखान्यातही भाजलेल्या कामगारांना चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल फेटून लावत. त्या मिश्रणाचं नावच 'कॅरन ऑइल' पडलं आणि पुढे ते डॉक्टरांच्या औषधांत गेलं. ज्याला आपण घरगुती उपाय म्हणतो, त्यातलं बरंचसं कधीतरी वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या तोंडून आलेलं असतं. दवाखान्याने ते सोडून दिलं तरी स्वयंपाकघर धरून ठेवतं.

आपल्याकडे हा विषय फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, अग्निकर्माच्या, म्हणजे डाग देऊन उपचार करण्याच्या, बाराव्या अध्यायात भाजण्याचे चार प्रकार सांगितले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. त्वचेचा नुसता रंग पालटला तर प्लुष्ट, फोड येऊन आग होऊ लागली तर दुर्दग्ध, मांस लोंबू लागलं आणि ताप, तहान, मूर्च्छा आली तर अतिदग्ध. मराठीतही चटका बसणं, पोळणं, भाजणं, होरपळणं ही चढती भांजणी आहेच.

उपाय मात्र आज वाचताना दचकायला होतं. प्लुष्टावर सुश्रुत शेक द्यायला सांगतो. पाणी स्वभावतः थंड, ते रक्त गोठवतं, म्हणून उष्ण उपचारानेच आराम पडतो, थंडाने नाही, असं त्याचं कारण. दुर्दग्धावर थंड आणि उष्ण दोन्ही, पण तूप आणि लेप थंडच. भाजण्याच्या सगळ्या प्रकारांत जखम भरून येण्यासाठी तो मेण, ज्येष्ठमध, लोध्र, राळ, मंजिष्ठा, चंदन वगैरे घालून सिद्ध केलेलं तूप सांगतो. पोळल्यावर तुपाचं बोट लावायची आपली सवय इतकी खोल का रुजली, ते इथे कळतं.

गरम की गार, हा वाद युरोपातही रंगला. न्यूकॅसलच्या कोळसा खाणींत भाजलेल्या मजुरांवर उपचार करणाऱ्या एडवर्ड केंटिश यांनी १७९७ मध्ये टर्पेंटाइन आणि उष्ण उपचारांची बाजू मांडली. दोनच वर्षांनी, १७९९ मध्ये, जेम्स अर्ल यांनी बर्फाच्या पाण्याची शिफारस केली. विसाव्या शतकात १९२५ पासून टॅनिक अॅसिडचा बोलबाला झाला आणि यकृताला अपाय होतो हे दिसल्यावर तो ओसरला. त्यानंतर आपल्या घरांत पिवळं मलम आलं, मग टूथपेस्ट. टूथपेस्टबद्दल एवढंच सांगते की तिला कुठलाच आधार नाही.

या इतिहासातलं एक पान सोलापूरचं आहे आणि ते सोलापुरातही फारसं कुणाला ठाऊक नाही, याची मला खरोखर खंत वाटते. इथल्या डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरीत मधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरवर भाजलेले १०४ रुग्ण होते. ५२ जणांना मधाची पट्टी, ५२ जणांना तेव्हाचं नेहमीचं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन. सात दिवसांत मधाच्या गटातल्या ९१ टक्के जखमा जंतुमुक्त झाल्या, दुसऱ्या गटात ७ टक्के. मध आम्लधर्मी, त्यात पाणी कमी, शिवाय त्यातून थोडं थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं. जंतूंना तिथे तग धरता येत नाही. १९९६ मध्ये त्यांनीच मधाची तुलना बटाट्याच्या उकडलेल्या सालींशी केली. त्या सालींच्या पट्ट्यांवर मुंबईच्या वाडिया रुग्णालयात डॉ. केसवानी यांनी काम केलं होतं.

मधावरचे पुढचे आढावे बरेचसे याच एका शल्यचिकित्सकाच्या प्रयोगांवर उभे आहेत, म्हणून मोठ्या आकड्यांकडे जरा जपून पाहावं. आणि पट्टीसाठीचा मध निर्जंतुक केलेला असतो, फडताळातल्या बरणीतला नव्हे.

आज डॉक्टर सर्वांत आधी सांगतात ते साधं गार पाणी, वीस मिनिटं. आगीपासून हात बाजूला झाला तरी कातडीखाली उष्णता राहते आणि इजा वाढवत राहते. पाणी ती काढून घेतं. भाजल्यापासून तीन तासांच्या आत पाणी घातलं तरी फायदा होतो. बर्फ नको, त्याने रक्तवाहिन्या आखडतात आणि इजा वाढते. रक्त गोठण्याची सुश्रुताची भीती बर्फाच्या बाबतीत अगदीच वाया गेली नाही. चुना, तूप, हळद यांतलं काहीही आधी लावलं की उष्णता आत कोंडते आणि जखम किती खोल आहे ते डॉक्टरला दिसत नाही. फोड फोडू नयेत. चेहरा, हाताचा पंजा, सांधा भाजला असेल, तळहाताएवढी जागा असेल किंवा लहान मूल असेल, तर पाणी ओतून झाल्यावर थेट दवाखाना गाठावा.

पण वीस मिनिटं नळाखाली हात धरा, हे वाक्य सोलापुरात अडखळतं. इथे नळाला रोज पाणी येत नाही आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी दुपारी हात लावू देत नाही. म्हणून आमच्याकडे आता बांगड्या, अंगठी आधी उतरवतात, हात घमेल्यावर धरतात आणि माठातलं पाणी तांब्या-तांब्याने सावकाश ओततात. घमेल्यात साठलेलं पाणी नंतर तुळशीला जातं.