हा-गशाश हा-खिवेर (इस्रायली विनोदी त्रयी)

हिब्रू रंगभूमी, नभोवाणी व चित्रपटांतील विनोदी कलावंतांचे त्रिकूट. इस्राएल ‘पोली’ पोलियाकोव्ह, शाइके लेव्ही आणि गावरी बनाई हे त्याचे तीन सदस्य. निर्माते अव्राहम देशे यांनी (ते ‘पशानेल’ या नावानेच ओळखले जात) १९६३ मध्ये त्यांना एकत्र आणले. नावाचा शब्दशः अर्थ ‘फिकट मागकाढ्या’, म्हणजे माग काढणारा फिकट माणूस. लोक मात्र नुसते ‘गशाश’ म्हणतात. आजच्या बोली हिब्रूवर या तिघांइतका ठसा दुसऱ्या कुठल्याही मनोरंजन करणाऱ्यांनी उमटवलेला नाही.

तिघेही त्याआधी नाओमी पोलानी यांच्या ‘हा-तर्नेगोलिम’ या गायकवृंदात होते. लष्करी कलापथकांतून आलेल्या तरुणांचा तो संच होता. तिथली काटेकोर तालीम, एका आवाजात गाणे आणि शरीराच्या हालचालीतून हशा काढणे हे सारे गशाशमध्ये उतरले. त्यांचे प्रहसन ऐकताना संवाद गाण्यासारखे तालात पडतात ते यामुळेच. एकाने वाक्य अर्धवट सोडायचे, दुसऱ्याने ते भलत्याच अर्थाने उचलायचे आणि तिसऱ्याने त्यावर शिक्कामोर्तब करायचे, अशी त्यांची रीत होती.

या विनोदाचे मोल कळायला त्या काळची हिब्रू डोळ्यांपुढे आणावी लागते. शतकानुशतके प्रार्थनेत आणि ग्रंथांत राहिलेली ही भाषा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून पुन्हा घराघरांत बोलली जाऊ लागली. १९४८ मध्ये इस्रायल स्थापन झाल्यानंतर पोलंड, रुमानिया, इराक, येमेन, मोरोक्को अशा ठिकठिकाणांहून ज्यू माणसे आली आणि प्रौढ वयात हिब्रू शिकू लागली. कोकणातून व मुंबईतून गेलेले मराठीभाषक बेने इस्राएलही त्यांत होते. नभोवाणीची आणि शाळेची हिब्रू शुद्ध, ताठ; रस्त्यावरची मात्र अरबी, यिडिश (पूर्व युरोपातील ज्यूंची भाषा) आणि लष्करी बोलीच्या मिश्रणाची. हिब्रूत संख्यावाचक शब्दांनाही लिंग असते; त्यात तर तिथे जन्मलेलेही सर्रास चुकत. गशाशने ही रस्त्यावरची भाषा रंगमंचावर आणली आणि तिच्यातच पवित्र ग्रंथांतली भारदस्त वळणे मिसळली. त्यांची पात्रे साध्या व्यवहारासाठी जडजंबाल शब्द वापरतात, आत्मविश्वासाने चुकतात, आणि प्रेक्षकाला त्या चुकीत आपला शेजारी दिसतो.

याचे बरेचसे श्रेय लेखकांचे. नाटककार निसिम आलोनी यांनी त्यांच्यासाठी लिहिलेल्या प्रहसनांत अतर्क्य कल्पना आणि बाजारातली बोली एकत्र नांदतात. गावरी यांचे बंधू योसी बनाई हेही लेखक-दिग्दर्शक म्हणून त्यांच्याबरोबर होते. जेरुसलेमच्या माखने येहुदा बाजारपेठेच्या परिसरात वाढलेल्या, मूळ इराणी असलेल्या बनाई कुटुंबाचा कान त्या संवादांत स्पष्ट ऐकू येतो. शीर्षकांतही शब्दखेळ असे : फुटबॉलवरचे ‘ऑफसाइड स्टोरी’ (‘वेस्ट साइड स्टोरी’वरून), न्यायालयातले ‘क्राकर विरुद्ध क्राकर’ (‘क्रेमर व्हर्सेस क्रेमर’ या चित्रपटावरून).

त्यांची वाक्ये लोकांच्या तोंडी इतकी बसली की अशा वाक्यांना ‘गशाशिझ्म’ असे नावच पडले. इस्रायलमध्ये दूरदर्शन १९६८ मध्ये सुरू झाले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत एकाच वाहिनीचे राज्य होते. त्यामुळे ध्वनिमुद्रिका, नभोवाणी आणि पडद्यावर सगळा देश तेच विनोद पुनःपुन्हा ऐकत होता. राखीव सैनिक म्हणून अधूनमधून लष्करात बोलावलेले प्राध्यापक आणि ट्रकचालक एकाच तंबूत राहत. तिथे अर्धे वाक्य एकाने म्हटले की उरलेले दुसरा पुरे करी. ‘इस्राब्लफ’ हा शब्द एका प्रहसनातला. देशातल्या दिखाऊपणाला आणि फसवेगिरीला आजही तो लावला जातो.

चित्रपटांत आसी दायान दिग्दर्शित ‘गिवात खल्फोन एना ओना’ (१९७६) सर्वांत महत्त्वाचा. जुगाराचे कर्ज बुडवून सिनाईतील राखीव तळावर पोचलेला सर्जियो कोन्स्तान्सा (पोलियाकोव्ह) आणि वसुलीसाठी त्याच्या मागे येणारा, इजिप्तमधून आलेला व्हिक्टर खसोन (लेव्ही) यांची ही गोष्ट. अरब देशांशी झालेल्या १९७३ च्या युद्धाला जेमतेम तीन वर्षे झाली असताना सैन्यातल्या ढिसाळपणावर इतके मोकळे हसणे हे धाडसच होते. समीक्षकांनी चित्रपट झिडकारला. प्रेक्षकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. हुम्मुस (काबुली चण्यांची चटणी) प्रेमाने करावे, नाहीतर करूच नये, हे त्यातले वाक्य खाणावळींच्या भिंतींवर झळकते.

पूर्वेकडून आलेल्या ज्यूंच्या उच्चारांची ही थट्टा आहे, असा आक्षेप घेता येतो, आणि काही पात्रांपुरता तो खराही आहे. पण त्याच प्रहसनांत पोलिश घरातला मुलगाही तितकाच हास्यास्पद ठरतो, आणि सर्वांत चतुर उत्तरे बाजारातल्या माणसाच्या तोंडी असतात. अधिकृत संस्कृतीने ज्यांचे बोलणे दुरुस्त करायचे ठरवले होते, त्यांच्याच बोलण्याची लय या त्रयीने सगळ्यांना प्रिय केली. हे काम कोणत्याही भाषा-अकादमीला जमण्यासारखे नव्हते.

इ.स. २००० मध्ये त्रयीला जीवनगौरव म्हणून इस्राएल पारितोषिक देण्यात आले. देशाचा हा सर्वोच्च सांस्कृतिक सन्मान मानला जातो. पोलियाकोव्ह यांचे २००७ मध्ये निधन झाले. पुढच्या पिढीचे दूरचित्रवाणीवरचे विनोदी कार्यक्रम अधिक बोचरे आणि उघड राजकीय झाले. वाहिन्याही वाढल्या, त्यामुळे साऱ्या देशाला एकच वाक्य पाठ असणे दुर्मीळ झाले. गशाशची वाक्ये मात्र मूळ प्रहसन कधीही न पाहिलेली मुलेही बोलून जातात.