साखर मोजणाऱ्या तारेवरचा पापुद्रा

दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावून रंकाळ्याला फेऱ्या मारणाऱ्याच्या मोबाइलवर ११२ उमटतं, ते मुळात विजेचं माप असतं: त्वचेखालच्या जेमतेम ५ मिलिमीटर तारेतून वाहणारे काही नॅनोअँपिअर.

तारेवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम असतं. ग्लुकोज आणि ऑक्सिजन मिळाले की ते हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं, आणि तारेच्या प्लॅटिनमवर सुमारे ०.६ व्होल्ट ठेवले की पेरॉक्साइडच्या प्रत्येक रेणूमागे २ इलेक्ट्रॉन सुटतात. एन्झाइम आणि इलेक्ट्रोड यांची ही सांगड क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये सुचवली. अडचण ऑक्सिजनची. त्वचेखालच्या द्रवात तो ग्लुकोजच्या मानानं फारच थोडा असतो. तो कमी पडला की साखर ३०० झाली तरी प्रवाह वाढत नाही, आकडा खालीच अडकतो. म्हणून सगळ्यात वर पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पापुद्रा चढवतात. तो ग्लुकोजला अडवून अडवून आत सोडतो, ऑक्सिजनला मात्र सहज जाऊ देतो.

अचूकतेचा खरा कस इथे लागतो. पापुद्रा १० टक्के पातळ झाला तर प्रवाह साधारण तेवढाच वाढतो. १०० च्या जागी ११० दिसतात. चांगल्या सेन्सरची सगळी मिळून सरासरी चूक १० टक्क्यांच्या आत लागते. म्हणजे सगळी सूट एका पापुद्र्यातच संपली.

हा लेप तार द्रावणात बुडवून, वर ओढून देतात. गुऱ्हाळावर काकवीत काडी बुडवून पाहा: झटकन काढली तर जाड थर येतो, सावकाश काढली तर पातळ. तारेवरही तेच. ओढण्याचा वेग १० टक्के वाढला की ओला थर सुमारे साडेसहा टक्के जाड होतो. द्रावण दाट झालं तरी जाडी तशीच वाढते, आणि त्यातला द्रावक, टेट्राहायड्रोफ्युरान, भराभर उडत असल्यानं ते दिवसभर दाटच होत जातं. भांड्यावर झाकण ठेवणं, ठरावीक तारांनंतर चिकटपणा मोजून द्रावक घालणं, एका जाड लेपाऐवजी चार-पाच पातळ लेप देणं, हे चुकवून चालत नाही. तारेच्या टोकाला थेंब साचतो, तोही पातळ लेपांत लहान राहतो.

कोल्हापुरात जुलैत हे काम उघड्या हवेत करून चालणारच नाही. द्रावक उडताना लेप गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि काचेसारखा दिसायला हवा तो थर दुधाळ, सच्छिद्र होतो. अशा छिद्रांतून ग्लुकोज मोकळं आत शिरतं. खोलीची आर्द्रता बांधून ठेवावीच लागते.

पॅरासिटामॉलही प्लॅटिनमवर इलेक्ट्रॉन सोडतं आणि साखर खोटीच वाढलेली दिसते. ते अडवायला एन्झाइमखाली पॉलिफेनिलिनडायअमिन या पॉलिमरचा थर विजेनं चढवतात. तो स्वतः वीजरोधक असल्यानं काही नॅनोमीटरवर वाढायचा आपोआप थांबतो. सगळ्या थरांत जाडीची काळजी सर्वांत कमी याचीच.

शेजारचा संदर्भ इलेक्ट्रोड, म्हणजे ज्याच्या तुलनेत व्होल्टेज ठरतं तो, चांदीचा. हुपरीच्या पैंजणांवर हवेनं काळपटपणा येतो तो सल्फाइडचा. इथे मुद्दाम चढवलेला करडा-जांभळट थर क्लोराइडचा असतो. दोनच इलेक्ट्रोड असतील तर प्रवाह याच्यातूनच जातो आणि हा थर झिजतो. ५ नॅनोअँपिअरनं १४ दिवसांत सुमारे ९ मायक्रोग्रॅम सिल्व्हर क्लोराइड संपतं. साठा त्याच्या कित्येक पट नसेल तर शेवटच्या दिवसांत व्होल्टेज सरकतं आणि आकडे भरकटतात.

तयार तारांची चाचणी ३७ अंशांच्या फॉस्फेट बफरमध्ये, म्हणजे आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, ग्लुकोज लिटरमागे ५-५ मिलिमोलनं २० पर्यंत वाढवत. मग नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन उतरवायचा. तेवढ्यानं प्रवाह घसरला तर पापुद्रा ग्लुकोजला पुरेसा अडवत नाही. चाचणीला तारा निर्जंतुकीकरण झालेल्याच घ्याव्यात. वाफेनं एन्झाइम मरतं म्हणून इलेक्ट्रॉन झोत वापरतात, पण तोही थोडं एन्झाइम खातोच. त्याआधीच्या तारांवरून कॅलिब्रेशन केलं, म्हणजे किती प्रवाहाला किती साखर हे ठरवलं, तर अख्खा लॉट कमी आकडा दाखवण्याचा धोका राहतो.