ओढा म्हणजे लांबट तळं नव्हे

पावसाळ्यात मैदानावर थव्याने घिरट्या घालणारे पिवळसर चतुर सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांना साठलेलं पाणी लागतं. डबकं, भातखाचर, काहीही चालतं. दीड-दोन महिन्यांत अंड्यापासून पंखांपर्यंत मजल मारायची आणि पावसामागे पुढे निघायचं. पाणथळ म्हटलं की आपल्याला आठवते ती हीच दुनिया. चतुराचीच बारीक अंगाची नातलग म्हणजे टाचणी. चतुर पंख पसरून बसतो, टाचणी बहुधा मिटून. त्यावर इथे वेळ घालवत नाही.

खरा घोळ होतो ओढ्याबाबत, कारण त्यालाही आपण तळंच समजतो. साताऱ्याजवळच्या ठोसेघरचं नाव मिळालेली एक टाचणी 2021 मध्ये नवी जात म्हणून नोंदली गेली, युफिया ठोसेघरेन्सिस. या कुळातल्या टाचण्यांची पिल्लं खळाळत्या पाण्यात दगडांना चिकटून, फटींत दडून वाढतात. शेपटाकडच्या कल्ल्यांखेरीज त्यांच्या पोटाच्या दोन्ही बाजूंनाही कल्ले असतात. पाणी दगडांवर आपटतं, त्यात हवा मिसळते, त्यावर त्यांचा श्वास चालतो. तेच पाणी अडवलं की ते तापतं, त्यातला प्राणवायू घटतो, गाळ खाली बसतो आणि दगडांमधल्या फटी बुजतात. पाणी पूर्वीपेक्षा जास्त दिसतं, पण पिल्लांना राहायला जागा उरत नाही.

म्हणून ‘बंधारा घातल्यापासून चतुर केवढे वाढले!’ असं कुणी कौतुकाने सांगितलं की मला संताप येतो. वाढले ते डबक्यातले. ते गावामागच्या खड्ड्यातही वाढले असते. ओढ्यातली टाचणी कुठे गेली, हे कुणी बघत नाही. जेसीबी लावून केलेलं खोलीकरण तर त्याहून वाईट, कारण त्यात दगडच उचलले जातात.

साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, हीच चूक उलटी होते. 2012 पासून हा सडा जागतिक वारसा यादीत आहे. त्यावरची उथळ डबकी पावसाळा सरला की आटतात आणि लोकांना ती खोल, बारमाही करावीशी वाटतात. अहो, ती आटतात म्हणून तर त्यांत मासे टिकत नाहीत, आणि मासे नाहीत म्हणून चतुरांची पिल्लं वाचतात!

ओढ्यासाठी काही करायचंच असेल, तर काठची झाडं वाढू द्या. सावलीने पाणी गार राहतं, टाचण्यांना बसायला फांद्या मिळतात. दगड आहेत तिथेच असू द्या.