सर, तीन सेकंद थांबा ना!

कॉलेजात 'स्टुडन्ट वेलनेस' म्हटलं की आपल्याकडे एक बॅनर लागतो, कोणीतरी स्ट्रेसवर तासभर बोलतं, मग प्राणायाम आणि ग्रुप फोटो. प्राणायामाशी माझं भांडण नाही, पण पोरांच्या पोटात गोळा येतो तो वर्गात, सर प्रश्न विचारून सगळ्यांकडे बघतात तेव्हा. आणि त्यावर उपाय फुकट आहे.

मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी वर्गातल्या टेप ऐकून मोजलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती वेळ थांबतात. उत्तर निघालं साधारण १ सेकंद! १९७४ साली त्यांनी हे छापलं. शिक्षकांना ३ सेकंद किंवा जास्त थांबायला शिकवलं तर उत्तरं लांब झाली, 'माहीत नाही' कमी झालं, आणि ज्यांना शिक्षक 'स्लो' समजायचे ती मुलंही बोलायला लागली. तो अभ्यास प्राथमिक शाळांचा होता हे खरं, पण मागचं कारण वयावर फारसं अवलंबून नाही, आणि तेच मला भारी आवडतं.

बघा, साध्या गप्पांत एकाचं बोलणं संपलं की दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी २०० मिलीसेकंदच लागतात. २००९ मध्ये १० वेगवेगळ्या भाषांवर हे तपासलंय. पण गंमत अशी की समोरच्या चित्राचं नुसतं नाव सांगायचं तरी मेंदूला ६०० च्या आसपास मिलीसेकंद लागतात, कारण वस्तू ओळखायची, शब्द शोधायचा, त्याचे आवाज जुळवायचे, मग जीभ हलवायची, पूर्ण वाक्य म्हटलं तर आणखी वेळ. मग २०० मध्ये जमतं कसं? तर समोरचा बोलत असतानाच आपण त्याचं वाक्य कुठे जाणार याचा अंदाज बांधून स्वतःचं उत्तर तयार करत असतो, म्हणजे तव्यावर एक पोळी भाजत असताना दुसरी लाटायची तसं.

आता हा अंदाज भाषेवर हुकमत असेल तरच जमतो. आपल्या बडोद्यातलं पोर घ्या, दांडिया बाजारात राहणारं. घरी मराठी, शाळा गुजराती मिडियम, आणि एमएसयूत, म्हणजे इथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात, आलं की लेक्चर इंग्लिशमध्ये. त्याचा सगळा मेंदू प्रश्न समजण्यातच गुंतलेला असतो, वर्किंग मेमरीत, म्हणजे विचार करताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवायच्या जागेत, एका वेळी मावतात जेमतेम चार-पाच गोष्टी, त्यातली एक जागा 'चुकलो तर हसतील' या भीतीने अडवलेली. उत्तराची लाटणीच सुरू झालेली नसते आणि पहिल्या बाकावरचा, जो नर्सरीपासून इंग्लिश मिडियम, तो बोलून मोकळा. सर म्हणतात, 'व्हेरी गुड.' आपल्या पोराला उत्तर येत होतं हो! पण सेमिस्टरभर असंच चाललं की त्याला वाटायला लागतं की आपण इथले नाहीच.

आणि मग आईबाप घाबरून बोटांचे ठसे देऊन 'ब्रेन रिपोर्ट' काढणाऱ्यांकडे जातात. ठशांवरून बुद्धी कळते याला काडीचा आधार नाही, ती पत्रिकाच आहे, फक्त लॅमिनेट केलेली.

१८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी बडोद्यात कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली तेव्हा धंदेशिक्षण मातृभाषेतून देण्यावर भर होता, म्हणजे हा मुद्दा या गावाला नवीन नाही. आज अख्खं लेक्चर गुजरातीत किंवा मराठीत होणार नाही, मान्य. पण प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला तर तो डोक्यात धरून ठेवायचं ओझं जातं. शेजाऱ्याशी कुठल्याही भाषेत एक मिनिट बोला म्हटलं तर उत्तर आधी तयार होतं, इंग्लिश नंतर.

एक मात्र, ३ सेकंद थांबायचं ते सगळ्या वर्गासाठी. एकाच पोराला उभं करून त्याच्याकडे टक लावून थांबलात तर भीतीच वाढते, आणि तिथे १० सेकंद दिले तरी तोंडातून शब्द फुटत नाही.