सांभाळून घेणं वेगळं, सांभाळणं वेगळं

निरोप समारंभ कुठल्याही ऑफिसातला असो, एक वाक्य ठरलेलं असतं: "सरांनी आम्हाला कायम सांभाळून घेतलं." टाळ्या पडतात. भोसरी एमआयडीसीत क्वालिटीचं काम करता करता मी असे पुष्कळ समारंभ पाहिले, आणि दर वेळी मनात तोच प्रश्न येतो. सांभाळून घेतलं, की सांभाळलं? मराठीत हे दोन शब्द इतके जवळ बसलेत की आपण एकाच्या जागी दुसरा सर्रास वापरतो आणि एकाचं पुण्य दुसऱ्याच्या खात्यावर जमा करतो.

सांभाळून घेणं आपल्या सगळ्यांना येतं, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. वाकडच्या पुलाखाली अडकलेल्या माणसाची मीटिंग आपण दहा मिनिटं रेटून नेतो. कुणाचे वडील आयसीयूत असतील तर त्याची रात्रपाळी आपण करतो. जिथे एवढंही होत नाही, तिथे माणसानं फार दिवस राहू नये. बाळंतपणाची रजा मात्र यात मोजू नका. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ पासून कायद्यात आहे. ती मंजूर करून "आम्ही तुला सांभाळून घेतलं" म्हणणारे साहेब मला अजिबात सहन होत नाहीत.

आवाज मऊ की कडक, हा फरक किरकोळ आहे. मऊ बोलणारी माणसं सांभाळतातच असं नाही आणि कडक बोलणारी सगळी दुष्ट नसतात. एवढं मात्र ठाम सांगते, की "मी बाबा स्पष्ट बोलतो" म्हणत चारचौघांत एखाद्याला टाकून बोलणं या दोन्हींत बसत नाही. पुण्यात त्याचं फार कौतुक होतं. ते थांबायला हवं.

खरी गफलत होते ती एका ठिकाणी. आपण ज्याच्यासाठी हे करतोय, त्याला ते ठाऊक आहे का? वडील आयसीयूत असलेल्या माणसाला माहीत असतं की आपली पाळी कोण करतंय. तो उद्या परतफेड करेल, निदान मनात ठेवेल. पण एखाद्याचं काम चुकतंय आणि आपण ते परस्पर दुरुस्त करतोय, तर त्याला काहीच माहीत नसतं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, करणाऱ्यालाही आतून दोन्ही चांगुलपणाच वाटतो. म्हणून तर इतकी शहाणी माणसं इथे चुकतात.

माझ्या पहिल्या नोकरीत मी शाफ्टचा व्यास मायक्रोमीटरनं मोजायची. मायक्रोमीटरच्या शेवटी रॅचेट असते. ती फिरवली की ठरावीक दाबावर टकटक होते आणि पुढे दाब वाढत नाही. मी ती सोडून थिंबलच, म्हणजे आकडे कोरलेली फिरती नळी, पिळायची. दाब जास्त पडला की माप दहा-वीस मायक्रॉन कमी येतं. म्हणजे जाड शाफ्ट मला मापात दिसायचा आणि पुढे असेंब्लीत त्यावर बेअरिंग बसायचं नाही. सेक्शनमधल्या दोघा सीनियरांना हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. "बिचारी नवीन आहे" म्हणून ते रात्री माझी पेटी पुन्हा मोजायचे आणि चुकीचे नग बाजूला काढायचे. मला कुणी एका शब्दानं सांगितलं नाही. सकाळी हसून चहाही पाजायचे. सहा महिन्यांनी हातात आलं ते प्रोबेशन वाढवल्याचं पत्र. कारण लिहिलं होतं, मापांत सातत्य नाही.

त्यांनी वाईट चिंतलं नव्हतं, हे मी आजही मानते. पण सांगताना माझा चेहरा उतरला असता आणि तो त्यांना बघवला नसता. ती भीड होती. भीड भिकेची बहीण म्हणतात. इथे भीड त्यांची होती, प्रोबेशन माझं वाढलं.

पत्र आलं त्याच आठवड्यात ग्राइंडिंगवरचे एक काका बेंचपाशी आले. "ताई, थिंबल पिळू नका. ही मागची रॅचेट फिरवा. तीनदा टकटक झालं की मगच वाचा." इतकंच. आजूबाजूला कुणी नव्हतं, ती वेळ त्यांनी मुद्दाम निवडली असणार. पुढे चार दिवस स्वतःच्या जेवणाच्या सुट्टीत ते पाच नग घेऊन यायचे, मी मोजायची, मग ते मोजायचे. पाचव्या दिवशी आले नाहीत, कारण गरज उरली नव्हती. सांभाळणं म्हणतात ते हे. सांगायला अर्धं मिनिट लागलं, खरा वेळ गेला त्या चार सुट्ट्यांत.

अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या गटांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासल्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील अशी अपेक्षा होती, पण नोंदी तिथेच जास्त निघाल्या. त्यांनी लावलेला अर्थ असा, की त्या गटांत चूक बोलून दाखवायची भीती नव्हती. पुढे १९९९ मध्ये एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांच्या अभ्यासातही बिनधास्त बोलता येणं आणि गटानं शिकत राहणं यांचा संबंध दिसला. मला हे वाचताना माझी ती पेटी आठवली. आमच्या रजिस्टरमध्ये माझी एकही चूक नव्हती, कारण रात्री कुणीतरी ती पुसत होतं.

टोयोटाच्या लाइनवर कामगाराला शंका आली की तो दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, दिवा लागतो आणि टीम लीडर त्याच्या जागेवर येतो. या इशाऱ्याच्या पद्धतीला अँडन म्हणतात. तिचे दिवे आता चाकणच्या कारखान्यांतही दिसतात. दिवा लावणं सोपं आहे. पण आलेल्या लीडरनं "असू दे, मी बघतो" म्हणून कामगाराला बाजूला सारलं, की पुन्हा सांभाळून घेणंच झालं. दुरुस्ती त्याच्याच हातून, त्याच्या डोळ्यांसमोर व्हायला हवी.

"बिचारा" हा शब्द मी माझ्या सेक्शनमध्ये बंद केलाय. तो एकदा चिकटला की त्या माणसाला कुणी काही शिकवत नाही.

तुम्ही स्वतःच कुणाचं तरी काम कित्येक महिने परस्पर नीट करत आला असाल, तर सुरुवात त्याच्या चुकीपासून करू नका. आधी स्वतःची सांगा: "मी चार महिने तुमच्या शीट दुरुस्त करत होते आणि तुम्हाला बोलले नाही, ते माझं चुकलं." कॅन्टीनमध्ये सांगू नका, पगारवाढीच्या मीटिंगमध्ये तर नाहीच. आणि जाताना कालचीच एक शीट बरोबर न्या, म्हणजे बोलणं त्या शीटवर राहील, माणसावर घसरणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. पहिल्या दिवशी बहुतेक तो गप्पच बसेल.