खनिज संभाव्यता नकाशा
जमिनीखाली खनिज कुठे असू शकेल याचा अंदाज कॉम्प्युटरवर नकाशांचे थर एकावर एक ठेवून बांधायची पद्धत. खडक, फॉल्ट (जमिनीतल्या खडक सरकलेल्या भेगा), चुंबकीय मोजणी, मातीतलं रसायन, सॅटेलाइटची चित्रं हे सगळं जीआयएसमध्ये, म्हणजे नकाशे हाताळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घालतात. नकाशावर लाल डाग आला म्हणजे तिथे शोधायला जावं एवढंच, माल आहे की नाही ते बोअर मारल्यावरच कळतं.

सुरुवात कुठली यावर दोन मतं आहेत. काहीजण १९७० च्या दशकातल्या अमेरिकेतल्या प्रॉस्पेक्टर या प्रोग्रामला मान देतात, त्यात भूशास्त्रज्ञांचे ठोकताळे नियम म्हणून भरले होते. दुसरं मत कॅनडाच्या बॉनहॅम-कार्टर आणि आग्टरबर्ग यांच्या बाजूचं, त्यांनी साधारण १९८० च्या दशकाच्या शेवटी नोव्हा स्कोशियातल्या सोन्यासाठी पुराव्यांना वजन द्यायची रीत वापरली, जी मुळात रोगनिदानात वापरात होती आणि तिचा पाया शक्यता मोजायचा बेझचा जुना सिद्धांत. नकाशापुरतं बघितलं तर दुसरं मत जास्त पटतं, कारण त्यात वजन माणसाच्या मतावर नाही, माहीत असलेल्या खाणींवरून निघतं.

हिशोब असा. समजा नकाशाचे १००० चौकोन केले आहेत, २० मध्ये खाणी, आणि पट्टेदार लोहखडक (लोहाचे पट्टे असलेला खडक) १०० चौकोनांत, त्यातल्या १२ मध्ये खाण. म्हणजे खाणींच्या चौकोनांपैकी ०.६ मध्ये हा खडक आहे, बाकीच्या ९८० पैकी फक्त ०.०९ मध्ये. या दोघांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम काढला की सुमारे १.९, हे झालं खडक असण्याचं वजन. खडक नसण्याचं साधारण उणे ०.८. प्रत्येक चौकोनात सगळ्या थरांच्या वजनांची बेरीज करायची, पण थर एकमेकांवर अवलंबून नकोत, नाहीतर तोच पुरावा दोनदा मोजला जातो.

गोव्यात नेमकं इथेच अडतं. डिचोली, सत्तरी, सांगे भागातलं लोहखनिज डिचोली फॉर्मेशन या खडकांच्या थरसमूहातल्या पट्टेदार लोहखडकात आहे आणि हा खडक झिजायला कठीण म्हणून डोंगरांच्या रांगा बऱ्याचदा त्याच्याच, मग उंचीचा थर वेगळा घेतला तरी नवीन काही हाती लागत नाही. जांभ्यातच लोह भरपूर असल्याने सॅटेलाइटच्या चित्रात लोह सगळीकडेच दिसतं, आणि जिथे झाडी दाट तिथे खडकच दिसत नाही. चुंबकीय मोजणीत मॅग्नेटाइट हे लोहखनिज जोरात दिसतं, पण झिजून त्याचं हेमॅटाइट हे दुसरं लोहखनिज झालं की चुंबकत्व बरंच उतरतं, म्हणजे चांगला माल कधीकधी नकाशावरच्या ठळक ठिपक्याच्या बाजूला सापडू शकतो.

आणखी एक, ही वजनं काढणाऱ्या मॉडेलला शिकवायला घेतलेल्या खाणींतल्या बऱ्याचशा पोर्तुगीज काळात खाणकामासाठी सवलतीने दिलेल्या जमिनींवरच्या. जिथे तेव्हा माणूस पोचला, रस्ता किंवा नदी जवळ होती, तिथल्याच खाणी मॉडेलला माहीत, न पाहिलेल्या जागेला ते आपोआप कमी गुण देतं. म्हणून काही खाणी मुद्दाम लपवून नकाशा त्या ओळखतो का ते तपासतात, आणि हे एका अख्ख्या तालुक्यातल्या सगळ्या खाणी लपवून केलं तर जास्त खरं. बॉक्साइटला (ॲल्युमिनियमच्या खनिजाला) हे थर चालत नाहीत, तो किनाऱ्याजवळच्या पठारांवरच्या जांभ्यात असतो आणि त्यासाठी पठाराची उंची, सपाटी बघतात.