वायर जाळली की तांबं ‘शुद्ध’ होतं?

“सोलत कोण बसणार, पेटवून द्या, आगीत तांबं आणखी शुद्ध होतं.” जुन्या वायरीबद्दलचा हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. सोनं आगीत उजळतं, हे मनात असावं. पण तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला. वायरींच्या ढिगाला काडी लावून शुद्धीकरण होत नसतं. उलट तांब्यावर ऑक्साइडचा काळा थर चढतो, आणि केसाएवढ्या तारा ठिसूळ होऊन बोटांत चुरतात. म्हणूनच सोललेल्या चकचकीत, जाड तारेला भंगारात वरचा दर मिळतो, जळक्या तांब्याला खालचा.

धुराचं तर विचारूच नका. वायरीवरचं पीव्हीसी प्लास्टिक जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, ओलाव्यात त्याचं आम्ल होतं, शिवाय डायॉक्सिन ही अतिविषारी रसायनं. जुन्या आवरणात शिशाची संयुगं असली, तर तीही राखेत आणि धुरात जातात.

जाड वायर लांबीत चिरून सोला, पातं अंगापासून दूर. बारीक, अनेक पदरी वायर आवरणासकटच विकलेली बरी. तासन्‌तास सोलून हाती मूठभर येतं. आणि विकण्याआधी टोक कापून बघा: बाहेर लाल, आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम.